बोर्डोच्या गावी आठ दिवस

शनिवार, २१ सप्टेंबर २०२४

अण्णा एकाच अटीवर यायला तयार झाले होते: ऑक्टोबर छाटणीच्या आत घरी. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. सप्टेंबरअखेरीला काडी पिकलेली असते, बाग विश्रांतीवर असते आणि पाऊस उघडला की ऑक्टोबर छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या गोडी छाटणीची, धांदल सुरू होते. मधल्या फटीतले पंधरा दिवस दादाने बरोबर हेरले. तो फ्रान्समध्ये तुलूझला नोकरीला आहे. बोर्दोच्या द्राक्षपट्ट्यातली एक जुनी गढी त्याने मार्चमध्येच आठवडाभरासाठी भाड्याने घेऊन ठेवली होती. आम्हाला फोनवर एवढंच म्हणाला, "अण्णा, तुमचं बोर्डो जिथून आलं ना, तिथं जायचंय."

द्राक्षवाल्याच्या घरात बोर्डो हे शहराचं नाव नसतं. बोर्डो म्हणजे ड्रममधलं निळं पाणी, वेलींवर फवारायचं औषध. मी चार वर्षांची असल्यापासून ओळखते ते, आजोबांच्या धोतरावरच्या निळ्या शिंतोड्यांमुळे. तो शब्द नकाशावर सापडतो हे मला सातवीत भूगोलाच्या पुस्तकात कळलं, आणि ते सांगायला मी शाळेतून घरी पळत आले होते.

आज सकाळी तुलूझहून निघालो. दादा, वहिनी, माझा नऊ वर्षांचा भाचा, अण्णा, आई आणि मी. वाटेत सेंत-फ्वा-ला-ग्रांदला थांबलो, कारण तिथला शनिवारचा बाजार मोठा. दोर्दोन्य नदीकाठचं हे गाव १२५५ साली आखून वसवलं आहे, त्यामुळे गल्ल्या अगदी पट्टी लावून काढल्यासारख्या सरळ. आईला तिथे केशरी सालीचा छोटा भोपळा दिसला आणि तिने तो लगेच पिशवीत टाकला. का घेतला ते तेव्हा सांगितलं नाही.

गढीवर पोचलो चार वाजता. त्याआधी किल्ली मिळत नाही. फ्रान्समध्ये अशी घरं बहुतेक शनिवार ते शनिवार देतात. भाड्याखेरीज अनामत द्यावी लागते. चादरी-टॉवेलांचे पैसे निराळे, शेवटच्या साफसफाईचे निराळे, वर मोठ्या माणसांना रात्रीमागे गावाचा पर्यटन कर. जुलै-ऑगस्टपेक्षा सप्टेंबरअखेरीला भाव बराच उतरतो. चांगल्या हॉटेलात तीन खोल्या आठवडाभर घेतल्या असत्या तरी तेवढेच पैसे गेले असते, असं दादाचं गणित. मालकीणबाई सत्तरीच्या असतील. त्यांनी आम्हाला खोलीखोलीतून फिरवून कागदावर नोंद करून घेतली: कुठला कप टवका गेलेला, कुठल्या दाराला चीर. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या आणि हातात आली एक वीतभर लांब लोखंडी किल्ली. अण्णांनी ती हातावर तोलून पाहिली.

"आपल्या जुन्या वाड्याची अशीच होती," ते म्हणाले.

मी मुद्दाम गढी म्हणते. किल्ला म्हणावा एवढी ती मोठी नाही आणि राजवाडा म्हणावा एवढी नाजूकही नाही. एका कोपऱ्यात चौदाव्या शतकातला चौकोनी बुरूज, त्याला नंतरच्या काळात जोडलेली दुमजली लांबलचक इमारत, पुढे अंगण, अंगणात विहीर, आणि चारी बाजूंनी उतरत गेलेल्या द्राक्षाच्या ओळी. बुरुजाच्या भिंती चार-साडेचार फूट जाड आहेत. त्यांत उभ्या अरुंद फटी ठेवल्यात, बाहेरून बोटभर, आतून माणूस उभा राहील एवढ्या रुंद. भाच्याने विचारलं हे काय. रामशेज किल्ल्यावर जंग्या बघितल्या होत्या ना, त्याच या. इथून बाण मारायचे.

रात्री पिठलं आणि तांदळाची भाकरी. इंडक्शनच्या सपाट काचेवर भाकरी फुगत नाही. आईने चार बिघडवल्या आणि पाचवी तव्यावरून काढून चिमट्याने गॅसच्या शेगडीवर धरावी तशी चुलाण्यातल्या निखाऱ्यांवर धरली. चुलाणं कसलं, अख्खी खोलीच ती. आत उभं राहून वर पाहिलं की धुरांड्याच्या तोंडातून आभाळाचा तुकडा दिसतो. भाकरी टम्म फुगली.

रविवार, २२ सप्टेंबर

सकाळी जाग आली ती कलकलाटाने. बुरुजाच्या माथ्यावर कावळ्याच्या जातीचे लहानखुरे पक्षी राहतात, मान करडी, डोळा फिकट पांढरा. आवाज आपल्या कावळ्यापेक्षा तोकडा आणि चिरका. आई बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी होती.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी फ्रान्सभर वारसा दिन असतो. १९८४ साली सुरू झालेली ही प्रथा आता युरोपभर पसरली आहे. एरवी बंद असणारी खासगी घरं, गढ्या, सरकारी कचेऱ्या त्या दोन दिवसांत लोकांसाठी उघडतात. आमच्या गढीचं अंगण आणि बुरुजाचा तळमजलाही आज उघडा होता. मालकीणबाईंनी तसं आधीच कळवलं होतं. जवळच्या गावांतली चाळीस-पन्नास माणसं आली, म्हातारी, पोरंबाळं, एक शाळामास्तर. मालकीणबाई बोलत होत्या आणि दादा आमच्या कानात मराठीत सांगत होता.

हा सगळा मुलूख तीनशे वर्षं इंग्लंडच्या राजाकडे होता. अ‍ॅकितेनची एलेनोर ११५२ मध्ये ज्याच्याशी लग्न करती झाली तो दोन वर्षांनी इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री झाला, आणि तिच्या माहेरची ही सगळी भूमी इंग्रजांकडे गेली. इथली वाईन जहाजं भरभरून इंग्लंडला जायला लागली ती तेव्हापासून. बुरूज बांधला तो त्या काळात. दोन नद्यांच्या मधल्या या पट्ट्याला आंत्र-द-मेर म्हणतात, 'दोन समुद्रांच्या मधला'. खरं तर एका बाजूला दोर्दोन्य, दुसऱ्या बाजूला गारोन. पण दोन्ही नद्यांत समुद्राची भरती आतपर्यंत चढते, म्हणून लोकांनी त्यांना समुद्रच म्हटलं.

मग मला दगड दाखवला. बुरुजाच्या दाराच्या चौकटीत, माझ्या खांद्याच्या उंचीवर, फिकट पिवळ्या चुनखडीत बारीक पांढरे तुकडे आहेत, ज्वारीच्या कण्यांसारखे. ते तारामाशांचे सांगाडे. तीन कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाचा हा दगड नखाने खरवडला तर पीठ निघतं. आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट छिन्नीला दाद देत नाही. हा दगड करवतीने कापतात. बोर्दो शहराच्या हवेल्या अशाच दगडात बांधल्या आहेत, आणि दगड काढून जमिनीखाली जी पोकळी राहिली तिच्यात मग वाईनची पिंपं ठेवली गेली.

'शातो' या शब्दानेही आमचा गोंधळ केला. आम्ही धरून चाललो होतो, शातो म्हणजे किल्ला. इथे बाटलीवर शातो लिहायला किल्ला लागत नाही. स्वतःच्या बागेतली द्राक्षं आणि स्वतःचं वाईनघर, एवढं असलं की तो शातो. येताना रस्त्यात शातोच्या पाट्या लागत होत्या आणि पाटीमागे साधं कौलारू घर आणि ट्रॅक्टरची शेड. अण्णांना हे मनापासून आवडलं. म्हणाले, मग आपलाही शातोच की.

सोमवार, २३ सप्टेंबर

आजचा दिवस मी कधी विसरणार नाही.

गढीभोवतीची बाग मालकीणबाई स्वतः करत नाहीत, शेजारच्या शेतकऱ्याला कसायला दिली आहे. सकाळी आठला तो मर्लो जातीच्या द्राक्षांच्या ओळीत उभा होता. अण्णा धोतराऐवजी पँट घालून आले होते, पण टोपी आणि गळ्यातली तुळशीची माळ होतीच. ते सरळ ओळीत शिरले. पहिल्यांदा त्यांनी खाली वाकून जमीन बघितली, मग तारा बघितल्या, मग इकडेतिकडे काही तरी शोधू लागले.

"ड्रिप कुठंय?"

ड्रिप नव्हतंच. बोर्दोच्या दर्जाच्या नावाने विकायच्या द्राक्षांना इथे सहसा पाणी देत नाहीत, नियमच तसे आहेत. वेलीने मुळं खोल घालून चुनखडीतून ओलावा शोधायचा. अण्णांना ते पटायला वेळ लागला. दुसरी गोष्ट उंचीची. आमच्या मंडपाखालून माणूस ताठ चालतो, घड डोक्यावर लोंबतात. इथे घड गुडघ्यापाशी, वेलीचं खोड हातभर. ओळी एवढ्या जवळ की ट्रॅक्टर वेलींच्या मधून जात नाही, वरून जातो, चार उंच पायांवर उभा राहून. बोर्दोजवळच्या मेदोक भागात हेक्टरी दहा हजारांपर्यंत वेली असतात. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी साडेनऊशेच्या आसपास बसतात. आणि माल? इथे एकरी तीन टनांच्या आतबाहेर. आम्ही टेबलग्रेप्स, म्हणजे खायची द्राक्षं काढतो, तीन टन निघाले तर बँकेचा माणूस दारात येईल.

मग अण्णांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली. ब्रिक्समीटर, द्राक्षाची गोडी मोजायचं यंत्र. नाशिकहून एवढ्या लांब ते घेऊन आले होते आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता. एक मणी तोडला, दोन बोटांनी दाबून काचेवर थेंब टाकला, झाकण लावलं, सूर्याकडे तोंड करून डोळ्याला लावलं.

"बावीस."

शेतकऱ्याने स्वतःच्या खिशातून तसंच यंत्र काढलं. त्याच घडातला मणी, तसाच थेंब. तो म्हणाला, साडेबारा. अण्णांनी मान हलवली, त्यानेही हलवली. दोघांनी यंत्रांची अदलाबदल केली, पुन्हा पाहिलं. तेव्हा दादाच्या ध्यानात आलं. आपण रसातली साखर मोजतो. त्याच्या पट्टीवर त्या साखरेची वाईन झाली तर अल्कोहोल किती टक्के होईल तो आकडा असतो. लिटरला साधारण सतरा ग्रॅम साखर म्हणजे एक टक्का. बावीस ब्रिक्स आणि साडेबारा, एकच गोष्ट. ते कळल्यावर दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकला. पुढचा तासभर दादाची गरज फारशी लागली नाही.

मणी फोडून बी पाहिलं: बी हिरवं की तपकिरी, चावल्यावर तुरट की भाजल्यासारखं. पान उलटं करून दाखवलं. खाली पांढरी बुरशी, वर तेलकट पिवळा डाग. डाऊनी. केवडा म्हणतात पुस्तकात, पण आमच्या भागात डाऊनी. अण्णांनी तोंडाने च् असा आवाज केला आणि त्या माणसाने दोन्ही हात पसरले. सरलेला हंगाम आणि हा, दोन्ही इथे डाऊनीचे गेले. वसंतात पाऊस थांबला नाही, फवारणीही थांबली नाही. दोन घड पूर्ण वाळून काळे पडलेले होते. ते त्याने तोडून हातात धरले आणि बराच वेळ टाकले नाहीत.

परत येताना गढीच्या उत्तरेला एक मोठं वावर मोकळं दिसलं. गवत, मधे ढिगारे. ढिगारे उपटलेल्या वेलींच्या खोडांचे. लाल वाईन पूर्वीइतकी खपत नाही, भाव पडले, म्हणून २०२३ पासून इथे बागा काढण्यासाठी हेक्टरी सहा हजार युरो देण्याची योजना आली. त्या वावरातल्या वेली चाळीस वर्षांच्या होत्या.

अण्णा ढिगाऱ्यापाशी थांबले. एक खोड उचलून त्याच्यावरची माती झटकली. आमच्या गावात गेल्या काही वर्षांत अवकाळी आणि गारपिटीने कितीतरी जणांनी बागांवर कुऱ्हाड चालवली. चुलत्यांची बाग आम्ही उभं राहून तोडताना पाहिली आहे. ते खोड त्यांनी परत ढिगाऱ्यावर ठेवलं, फेकलं नाही.

मंगळवार, २४ सप्टेंबर

सेंत-एमिलियों. जगभरातून लोक इथे येतात आणि ते साहजिक आहे. टेकडीच्या कुशीत गाव, भोवती लगटून द्राक्षबागा, १९९९ मध्ये युनेस्कोने गावासकट बागांना जागतिक वारसा ठरवलं. पण दुपारपर्यंत गल्ल्यांत एवढी गर्दी झाली की आईचा पाय दगडी उतारावर दोनदा घसरला आणि आम्ही लवकर निघालो.

बघण्यासारखं एक सांगते, ते एकशिला चर्च. आठव्या शतकात ब्रिटनीहून आलेला एमिलियों नावाचा साधू इथल्या गुहेत राहिला, त्याच्यावरून गावाचं नाव. बाराव्या शतकाच्या सुमारास त्या गुहेशेजारी टेकडीच्या पोटातच चर्च कोरून काढलं. बांधलेलं नाही, कोरलेलं. आत शिरल्यावर अण्णा आणि मी एकदमच म्हणालो, "वेरूळ!" प्रमाण अर्थात फार लहान आहे, कोरीव मूर्तीही कमी. पण वरून खाली दगड वजा करत जायचं, उरेल ते मंदिर, ही कल्पना दोन्हीकडे एकच. डोक्यावर मात्र त्यांनी पुढे उंच घंटाघर उभारलं. त्याच्या भाराने आणि झिरपणाऱ्या पाण्याने खांब दमले, म्हणून आत लोखंडी टेकू दिले आहेत.

येताना बदामाची मऊ बिस्किटं घेतली, मॅकरोन. १६२० मध्ये इथल्या जोगिणींनी सुरू केलेली. पॅरिसच्या रंगीत मॅकरोनशी त्यांचा संबंध नाही. साखर, बदाम, अंड्याचा पांढरा बलक, बस्स. अंडं म्हटल्यावर आईने आणि अण्णांनी घेतली नाहीत. भाच्याने त्यांच्या वाटची संपवली.

बुधवार, २५ सप्टेंबर

आज बोर्डो बघायचं होतं. शहर नव्हे, निळं पाणी.

सकाळी उजव्या तीरावरच्या ब्लायला गेलो. तिथे व्होबान या किल्ले बांधणाऱ्या फ्रेंच अभियंत्याने बांधलेला सतराव्या शतकातला प्रचंड कोट नदीवर नजर ठेवून बसला आहे. त्याच्या पायथ्याशी गाडीसकट तरीत चढलो. दोर्दोन्य आणि गारोन एकत्र येऊन जी जिरोंद होते ती इथे एवढी रुंद आहे की पलीकडचा काठ रेघेसारखा दिसतो. पाणी मातकट, श्रावणातल्या गोदावरीसारखं. वीस मिनिटांत लामार्कला उतरलो, तो मेदोक. उजव्या तीरावर चिकणमाती, चुनखडी आणि मर्लो. इकडे गोटे, वाळू आणि कॅबरने सोव्हिन्यों. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाईनची जी प्रतवारी लावली तिच्यातली लालमधली बहुतेक मोठी नावं या एका रस्त्यावर आहेत. ती वाचत आम्ही सें-ज्युलियाँला पोचलो.

अण्णा गाडीतून उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. द्राक्षाची ओळ डांबराला खेटून. कुंपण नाही. हात लांब केला की घड हातात. याच गोष्टीतून सगळं घडलं.

गोष्ट अशी. १८६० च्या दशकात फ्रान्सच्या वेलींच्या मुळांना फायलॉक्सेरा ही अमेरिकेतून आलेली बारीक मावासारखी कीड लागली आणि बागाच्या बागा वाळल्या. उपाय अमेरिकेतच सापडला. तिकडच्या जंगली वेलींच्या मुळांना त्या किडीने फारसं काही होत नाही, म्हणून खुंट अमेरिकन आणि वर कलम फ्रेंच. आमच्या डॉगरिज खुंटावरच्या थॉमसन द्राक्षासारखंच. पण त्या वेलींसोबत आणखी एक पाहुणी आली, डाऊनी. १८७८ मध्ये ती फ्रान्समध्ये पहिल्यांदा ओळखली गेली आणि दोन-चार वर्षांत पानं गळून घड वाळायला लागले. औषध कुणाकडेच नव्हतं.

बोर्दो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते अलेक्सी मिलार्दे. १८८२ च्या ऑक्टोबरात ते सें-ज्युलियाँच्या या बागांतून चालले होते. बाकी सगळ्या वेली उघड्याबोडक्या, पण रस्त्याकडेच्या ओळींवर पानं शाबूत. त्या पानांवर निळसर थर. चौकशी केली तर कळलं, येणारे-जाणारे द्राक्षं चोरून खातात म्हणून कडेच्या ओळींवर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना कालवून शिंपडायची इथे जुनी रीत आहे. विषारी दिसतं, चोर हात लावत नाही. मिलार्देंना तेवढा धागा पुरला. ती बाग ज्यांच्या देखरेखीखाली होती त्या एर्नेस्त दाव्हिदना आणि रसायनशास्त्रज्ञ युलिस गायोंना सोबत घेऊन त्यांनी प्रयोग केले, प्रमाणं बदलून पाहिली आणि १८८५ मध्ये ते जगासमोर मांडलं. बोर्दोचं मिश्रण. आमचं बोर्डो.

दादा हे सगळं फोनवर वाचून सांगत होता. अण्णांनी अर्ध्यात थांबवलं.

"चोरांसाठी केलं होतं?"

"हो."

ते ओळीच्या टोकाच्या वेलीजवळ गेले, पानाला बोट लावलं. फिकट निळा डाग होता, अजून. तो त्यांनी अंगठ्याने चोळला आणि आईला दाखवला.

माझ्या डोळ्यांसमोर आजोबा होते. आजोबा बोर्डो करताना कुणाला जवळ येऊ देत नसत. मोरचूद एका लाकडी पिंपात रात्रभर भिजत घालायचं, लोखंडी भांडं चालत नाही. चुना दुसऱ्या पिंपात विरवायचा, गार झाला की फडक्याने गाळायचा. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतायचं आणि एकाने काठीने ढवळत राहायचं. आभाळासारखा रंग यायचा. शेवटी ते कमरेचा विळा काढून त्याचं पातं मिश्रणात बुडवायचे. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी आहे, आणखी घाला, नाहीतर पानं जळतील. पातं स्वच्छ निघालं की म्हणायचे, "चला, जमलं." ते शाळेत तिसरीपर्यंत गेलेले. मिलार्देंचं नाव त्यांनी कधी ऐकलं असण्याची शक्यता नाही. पण त्या प्राध्यापकाचं काम ते आमच्या खळ्यात वर्षातून कितीतरी वेळा अचूक करत होते.

आज इथेही तांब्यावर मर्यादा आहे, कारण ते मातीत साठतं आणि निघत नाही. युरोपात सात वर्षांत मिळून हेक्टरी अठ्ठावीस किलो, त्याहून जास्त नाही. सेंद्रिय बागवाल्यांना डाऊनीविरुद्ध तेच मुख्य हत्यार, म्हणून असल्या पावसाळी वर्षात त्यांचा जीव टांगणीला लागतो. अण्णांनी हा आकडा दादाकडून दोनदा विचारून घेतला आणि डायरीत लिहिला.

बोर्दो शहरात आम्ही गेलोच नाही. परतीच्या तरीत बसल्यावर माझ्या ते लक्षात आलं, आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

गुरुवार, २६ सप्टेंबर

पहाटेपासून पाऊस. बाहेर कुठे जाणं नव्हतंच, कारण आज दशमी, आजोबांची तिथी. पितृपक्षात प्रवासाला निघायचं म्हणून आत्याने घरी बरंच बोलून घेतलं होतं. श्राद्ध तिकडे काकांनी केलं, सकाळी व्हिडिओवर दाखवलंही. पण आईला स्वतःच्या हाताने पान ठेवायचं होतं, आणि शनिवारी घेतलेला भोपळा त्यासाठी होता.

गढीच्या स्वयंपाकघराची जमीन पसरट दगडी फरशांची, खिडकीच्या जाडीतच बसायला दगडी ओटे. भोपळ्याची भाजी, उडदाचे वडे, खीर, वरणभात, आमटी. उडदाची डाळ आईने नाशिकहून आणली होती. दहा वाजता गरम पाणी बंद झालं, जुना बॉयलर. मालकीणबाई छत्री घेऊन धावत आल्या, खाली तळघरात जाऊन कसलीशी कळ फिरवली आणि वर येऊन वासाने थबकल्या. वहिनीने त्यांना समजावून सांगितलं की आज सासऱ्यांच्या वडिलांचा दिवस आहे. त्या काही बोलल्या नाहीत. बाहेर गेल्या आणि पाच मिनिटांनी द्राक्षाची चार मोठी पानं धुऊन घेऊन आल्या. केळीचं पान नाही हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. त्या पानांवर आईने सगळं वाढलं.

पाऊस जरा थांबल्यावर अण्णांनी पान विहिरीच्या कठड्यावर ठेवलं आणि हात जोडून मागे सरले. आम्ही दारात उभे. बुरुजावरचे ते करड्या मानेचे पक्षी वरून बघत होते. भाचा हळूच म्हणाला, आजी, हे कावळे नाहीत. आई म्हणाली, कावळ्याचेच भाऊबंद आहेत, गप राहा.

एक उतरला. कठड्याच्या टोकावर बसला, तिरकी मान करून पाहिलं, दोन उड्या मारून पुढे आला. पहिल्यांदा त्याने वडा उचलला. आजोबांना वडेच आवडायचे, हे आई नंतर दिवसभर सांगत होती, मालकीणबाईंनासुद्धा, मराठीत.

संध्याकाळी त्यांनी आणि आम्ही मिळून जेवण केलं. खीर त्यांनी दोनदा घेतली.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

सकाळी कास्तियों. १७ जुलै १४५३ रोजी इथल्या मैदानात फ्रेंचांच्या तोफांपुढे इंग्रजांचा म्हातारा सेनापती टॅल्बट पडला आणि शंभर वर्षांचं युद्ध संपलं. गावाचं नावच कास्तियों-ला-बाताय, लढाईचं कास्तियों. मैदानावर आता सगळी शेती. आम्ही फार थांबलो नाही.

तिथून जवळच मिशेल द माँतेनचा बुरूज. हा माणूस १५३३ मध्ये इथे जन्मला, ऐन अडतिशीत कचेरीतलं काम सोडून या बुरुजात येऊन बसला आणि निबंध हा लेखनप्रकार घडवला. पुढे बोर्दोचा नगराध्यक्षही झाला. मूळ गढी १८८५ मध्ये जळाली, बुरूज वाचला. खाली छोटं प्रार्थनाघर, त्यावर निजायची खोली, सर्वांत वर ग्रंथालयाची गोल खोली. पुस्तकं आता नाहीत. पण छताच्या तुळयांवर त्याने लिहवून घेतलेली ग्रीक आणि लॅटिन वचनं शिल्लक आहेत, काळ्या अक्षरांत, पन्नासहून अधिक. एका खिडकीतून द्राक्षबाग दिसते.

अण्णांना वचनं वाचता येत नव्हती, मलाही नाही. ते मान वर करून एकेक तुळई नीट बघत फिरले. आमच्या घराच्या माजघरात आजोबांनी तुकोबांचे अभंग रंगवून घेतले होते, तसंच हे आहे, असं त्यांनी मार्गदर्शक मुलीला सांगायला लावलं. तिने कुठला अभंग ते विचारलं. अण्णांनी तिथेच म्हणून दाखवला. गोल भिंतींमुळे आवाज घुमला.

शनिवार, २८ सप्टेंबर

दहाच्या आत घर सोडायचं. काल रात्रीच सगळी भांडी घासून ठेवली होती. मालकीणबाई कागद घेऊन आल्या, कप मोजले, चमचे मोजले. चुलाण्यातल्या लोखंडी चिमट्याला भाकरीचं पीठ लागलं होतं, ते बघून हसल्या आणि अनामत परत केली. आईने उरलेली उडदाची डाळ त्यांना दिली. वडे कसे करायचे ते वहिनीने फ्रेंचमध्ये लिहून दिलं.

निघताना त्यांनी पाहुण्यांची वही पुढे केली. बहुतेक फ्रेंच, थोडं इंग्रजी, मधे एक पान डच. अण्णांनी चष्मा लावला, खिडकीतल्या दगडी ओट्यावर बसून बराच वेळ लिहीत होते. शेजारचा शेतकरी काढणीचं यंत्र घेऊन ओळीत शिरला होता, त्याचा आवाज येत होता. गाडीत सामान भरून मी आत आले तेव्हा वही उघडीच होती. गावाचं नाव, तालुका, जिल्हा, त्याखाली:

"द्राक्ष बागायतदार. इथे सात दिवस राहिलो. वडिलांचं पान इथे ठेवलं. उत्तरेच्या वावरात पुन्हा वेल लावली तर कळवा. आमच्याकडे १० ऑक्टोबरला छाटणी आहे, म्हणून निघतो."